नाल्याच्या तोंडची बोईटं

माझ्या दिराला मी पोरासारखा वाढवला. लग्न होऊन ठाण्याच्या खाडीकाठी आले तेव्हा प्रभाकर शाळेत जात होता. सासू आधीच गेलेली. त्याच्या डोक्याला तेल मी लावलं, काटा काढून मासा मी भरवला. आणि त्याच प्रभाकरनं माझ्या नवऱ्याच्या पोटावर पाय दिला. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला कैदाशीण म्हणायला नको. आणि म्हटलं तरी म्हणू दे, माझं काय जातंय.

आमच्या गावाला लागून फौजेचा डेपो. गाड्या दुरुस्त करायचा. आतून एक नाला यायचा तो आमच्या वळणावर खाडीला मिळायचा, आणि त्या नाल्यातून जळकं ऑइल, घासलेट, काय वाट्टेल ते वाहायचं. आधी कोलंबी गेली, मग चिंबोऱ्या. जी मासळी उरली ती शिजवली की घरभर घासलेटचा वास. गावानं अर्ज केला, अठ्ठ्याऐंशी साली चौकशी बसली. डेपोत गावातला एकच माणूस कामाला होता, आमचा प्रभाकर. बी.कॉम. झालेला, कारकून. त्याला साहेबांनी विचारलं, तेल कुणाचं? तो म्हणाला, गावच्या होड्यांचं. इंजिनं गळकी आहेत. माझ्या सख्ख्या भावाची होडीच बघा.

सख्खा भाऊच सांगतोय म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला लागतोय? वळणावर इंजिनाच्या होड्या बंद झाल्या. आमची होडी ओढून नेली आणि डेपोच्या कुंपणाच्या आत झाडाखाली पालथी घातली. कुंपणातनं दिसायची. गुणाजी, माझा नवरा, रोज जाऊन बघायचा, मग जायचं सोडलं. वर्तकनगरला एका सोसायटीत वॉचमन लागला. ज्या माणसाला पाण्याकडे बघून वारा कळायचा तो लोकांच्या स्कूटरी मोजत बसला. गावात पोरं त्याला गळका गुणाजी म्हणायची. प्रभाकरला बढती मिळाली, नौपाड्यात फ्लॅट झाला. मी त्याच दिवशी ठरवलं. होडी परत आणीन, आणि ती याच्याच तोंडून आणीन.

वर्षं गेली. राग काही गेला नाही. लोक म्हणतात राग विरतो, कुणाचा विरतो ते त्यांनाच माहीत.

सत्त्याण्णव साली वरून हुकूम आला म्हणे. सगळ्या फौजी डेपोंनी पर्यावरणाची नवी पद्धत पाळायची. आयएसओ का काय ते. झाडं लावली, झाडांभोवती विटा पुरल्या, विटांना चुना फासला. फाटकावर खाडीचं आणि बगळ्याचं चित्र आलं. नाल्यावर आत मोठी टाकी बांधली, तेल साठवायला. पण टाकीखालचा जुना पाइप तसाच. ओहोटीला त्याच्यातनं काळं पाणी यायचं ते आम्ही काठावरून बघायचो. मी फाटकावर जाऊन सांगितलेलं, एकदा नाही, दहादा. शिपाई म्हणायचा, साहब को बोलो. आणि हे सगळं सांभाळणारा साहेब कोण? आमचा प्रभाकर. पर्यावरण कक्षाचा प्रमुख. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

एक दिवस हा घरी आला. किती वर्षांनी उंबरा चढला. मिठाईचा पुडा घेऊन.

"वैनी, सर्टिफिकेट द्यायला बाहेरनं तपासणीचे साहेब येतायत," म्हणाला. "शेजारच्या गावाशी आपले संबंध चांगले आहेत हे त्यांना दिसायला लागतं. नियमच आहे तसा. तू मेसमध्ये येऊन तुझ्या हातचं कालवण करशील?"

"आणि होडी?"

"बघतो ना. एकदा हे पार पडू दे."

गुणाजी आत बसून ऐकत होता. मी म्हटलं, येते की. दिराच्या घरचं कार्य, मी नाही येणार तर कोण येणार? मिठाई मी कोंबड्यांना घातली.

तपासणीच्या दिवशी सकाळच्या ओहोटीला मी गुणाजीला म्हटलं, पाग घे आणि नाल्याच्या तोंडाशी चल. पाग म्हणजे आमचं हातानं फेकायचं जाळं.

"तिथली खायची नसतात गो," तो म्हणाला.

"आपल्याला नाही. तुझ्या भावाला."

तो पाग उचलून माझ्यामागनं आला. मग त्यानं पाग फेकला. बोईटं निघाली, लठ्ठ, चकचकीत. बोईट चिखल खातं, आणि तिथला चिखल कसला होता ते सांगायला नको. कच्चं असताना कळत नाही. गालफड लाल, डोळा स्वच्छ, कुणीही फसेल. चुलीवर चढलं की खरं बोलतं. मी मेसमध्ये लसूण जास्त घातली, चिंच जास्त घातली, खोबरं वाटून लावलं. बाहेरून घमघमाट असा की सुभेदार दोनदा डोकावून गेला. वास दाबला होता, मारला नव्हता. घास तोंडात गेल्यावरच कळावं एवढाच ठेवला होता. तेवढी अक्कल मला आहे.

माझा बेत साधा होता. तपासणीच्या साहेबानं पहिला घास घ्यायचा आणि थुंकायचा. मग प्रभाकरला विचारायचं, हे काय आहे?

साहेब आले. श्रीपादराव, पुण्याचे, पांढऱ्या मिशा, फार मऊ बोलणं. मी ताट पुढे केलं तर हात जोडून म्हणाले, "क्षमा करा हं ताई, मी शाकाहारी आहे. मला थोडं वरण असलं तरी पुरे."

माझा हात तसाच राहिला. आम्ही खाडीवरची माणसं. पाहुणा येणार म्हणजे मासा खाणार. मासा न खाणारा पाहुणाच कधी डोक्यात आला नव्हता माझ्या. एवढा बेत केला आणि बामणानं वरण मागून त्याच्यावर पाणी फिरवलं. कर्नलसाहेब पंजाबचे. त्यांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले आणि कोंबडीकडे वळले. कोकणी मासा असाच लागत असेल असं वाटलं असणार बिचाऱ्यांना.

राहिला प्रभाकर. त्यानं घास घेतला आणि त्याचं चावणं थांबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. कोळ्याच्या पोटचा, त्याला सांगायला लागतंय? मी पळी हातात घेऊन त्याच्यासमोरच उभी राहिले.

"साहेब, हा माझा दीर," मी श्रीपादरावांना म्हटलं. "ही बोईटं आत्ता सकाळी त्याच्याच नाल्याच्या तोंडाशी धरलीत. आधी तिथलं काही खाता यायचं नाही. विचारा त्याला कशी आहेत."

श्रीपादरावांचा चेहरा खुलला. "अरे वा. प्रभाकरराव, खरंच? कशी आहे चव?"

बोल म्हटलं मनात. आता तरी बोल. एक शब्द बोलला असता तर मी तिथेच त्याला माफ केला असता, देवाशप्पथ. तो घास गिळला त्यानं आणि म्हणाला, "एक नंबर, सर. आमच्या वैनीचा हात आहे."

"अजून वाढते," मी म्हटलं, आणि डोक्याकडचा तुकडा वाढला.

त्यानं सगळं ताट संपवलं. कपाळावर घाम, पण संपवलं. श्रीपादराव एवढे खूश झाले की वहीच काढली. म्हणाले, खाडी सुधारली याचा याहून चांगला दाखला कुठला? मग ही पद्धतच करून टाका. दर आठवड्याला त्याच जागची मासळी मेसमध्ये शिजवायची आणि कक्षाच्या प्रमुखांनी स्वतः खाऊन नोंद करायची. सर्टिफिकेट पक्कं करायला मी सहा महिन्यांनी पुन्हा येणारच आहे. मला समजावून सांगितलं, "आमच्या पद्धतीचं तत्त्व सोपं आहे ताई. जे करता ते लिहा, आणि जे लिहिलं ते करा."

कर्नलसाहेबांनी लगेच हुकूम काढला. वार ठरला बुधवार, आणि मासळी आणून शिजवायची मीच.

माझा बेत फसला होता आणि त्यातनं हे निघालं. घरी येताना मी रस्त्यात हसत होते, लोक बघत होते.

फौजेत हुकूम म्हणजे हुकूम. मेसचा सुभेदार, मिशीवाला, नियमाचा पक्का. प्रभाकर जेवायचा तेव्हा तो बाजूला उभा. ताट रिकामं झाल्याशिवाय सही नाही. पहिल्याच महिन्यात प्रभाकर म्हणाला, माझा बुधवारचा उपास असतो. सुभेदार म्हणाला, "कोई बात नहीं सर, गुरुवार रख लेते हैं. उपास किस दिन नहीं है, बता दीजिए." मग बुधवारच राहिला. एकदा यानं गुपचूप ठाण्याच्या बाजारातनं पापलेटं आणवली. सुभेदारानं ती परत पाठवली. लिहिलंय नाल्याच्या तोंडची, तर नाल्याच्या तोंडचीच.

मी बुधवारची वाट बघायला लागले. सणाची बघतात तशी. सकाळी लुगडं बदलून, वेणी घालून जायचे. मला कोणी विचारलं की एवढा राग बरा नव्हे, तर मी म्हणायचे, राग कसला, दिराला जेवायला वाढते. गुणाजी पाग फेकायचा, पण घरी येऊन हात परत परत धुवायचा. "पुरे कर आता, शेवंती," असं एकदा म्हणाला. मी म्हटलं, तुला गळका म्हणतात तेव्हा कोणी पुरे केलं होतं?

पावसाळ्याआधी प्रभाकर घरी आला. गालफडं बसलेली. या वेळी मिठाई नव्हती.

"वैनी, निदान दुसरीकडची बोईटं आण. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. पाइप बुजव. आणि होडीचं खरं काय ते सांग."

"पाइप बुजवायचा तर तो आहे हे कबूल करायला लागेल. माझी खुर्ची जाईल गो."

"मग जेव."

"मी तुझ्या पोरासारखा ना?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणून तर हातानं वाढते," मी म्हटलं. "पोराला कोणी उपाशी ठेवतं का?"

गुणाजी उठून बाहेर गेला.

सहा महिन्यांनी श्रीपादराव आले. तेच टेबल, तोच सुभेदार. मी बोईटाचं ताट ठेवलं. प्रभाकरनं घास उचलला, तोंडापाशी नेला आणि त्याचा हातच पुढे जाईना. सगळे बघत होते. त्यानं घास ताटात टाकला, ताट ढकललं आणि बोलायला लागला. आधी हळू, मग थांबेचना. "सर, हे खाण्यासारखं नाही. पहिल्या दिवशीही नव्हतं. टाकीखालनं पाइप आहे. तेल आमचंच आहे, आधीही आमचंच होतं. भावाच्या होडीचं मी खोटं सांगितलं." मग तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला. बाहेर ओकला तो आवाज आत आला.

श्रीपादरावांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते उठून नाल्याकडे चालायला लागले. कर्नलसाहेबांना मागून जावंच लागलं.

सर्टिफिकेट अडलं. पाइप सिमेंटनं बुजवला, टाकी खरोखरीची वापरायला लागले, बंदी उठली. प्रभाकरची खुर्ची गेली, त्याला गोदामात टायर मोजायला बसवला. आणि आमची होडी आली. लाकूड चिरफाळलेलं, पण आली. गावातनं ओढत आणली तेव्हा मी पुढे चालत होते, मान वर करून. गळका म्हणणाऱ्यांच्या दारावरनं मुद्दाम नेली. गुणाजीनं सोसायटीची नोकरी सोडली आणि होडी डांबरायला घेतली.

पहिल्या दिवशी तो लांब गेला, समुद्राकडे, खाडीच्या तोंडाशी, निर्मळ पाण्यात. टोपलीभर मासळी आणली. आमच्यात होडीची पहिली मासळी भाऊबंदांत वाटून खातात. गुणाजी म्हणाला, प्रभाकरला बोलवतो. मी म्हटलं, बोलव, माझं काम झालंय. खरंच झालं होतं. मी मनापासून केलं कालवण. चिंच बेताची, लसूण बेताची, काही लपवायचं नव्हतं.

दुपारी दोघं भाऊ शेजारी बसले. प्रभाकरनं घास घेतला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला.

"वैनी, येतो गो वास."

मी वाकून हुंगलं. गुणाजीनं त्याच्या ताटातला तुकडा खाऊन बघितला. कसलाही वास नव्हता. ताजा, गोड मासा.

"सगळ्याच मासळीला येतो," प्रभाकर मान खाली घालून म्हणाला. "बाजारातनं गेलो तरी येतो. घरी आणायचंच बंद केलंय."

कोळ्याच्या पोराला मासा पारखा झाला. मी उठले आणि त्याला वरणभात वाढला. तो कालवायला लागला. गुणाजीनं त्याच्याकडे बघितलं आणि आपलं मासळीचं ताट माझ्याकडे सरकवलं. "मला पण वरणच दे," म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. दोघं भाऊ खाली मान घालून वरणभात जेवले, आणि जेवून होडीकडे निघून गेले.

मला वाईट वाटलं का? त्याचं नाही वाटलं. तो त्याच्या करणीनं जेवला. पण होडी ज्याच्यासाठी आणली त्यानं माझ्या हातचा मासा परत केला, आणि त्यानंतर आजपर्यंत तो रोज मासळी आणतो, विकतो, घरात खात नाही. त्या दुपारी तवलीभर कालवण होतं. मी ताट वाढून घेतलं आणि एकटी जेवायला बसले.