अनुसयेनं खोदू दिलेली विहीर

महागू तिरोडीच्या मँगनीज खाणीत कामाला लागला, तेव्हा लालबर्ऱ्याकडचं त्याचं वावर पाहायला बायकोशिवाय कोणी नव्हतं. थोरला भाऊ प्रेमलाल वाटणी घेऊन कधीचाच वेगळा झाला होता आणि भावाभावांत भांडण्यापुरतंच बोलणं उरलं होतं. निघायच्या दिवशी महागूनं ट्रंक खांद्यावर घेतली आणि दारातूनच अनुसयेला म्हणाला, "घराचं, वावराचं आता तूच पाह्य. हरेक गोष्टीले मले इचारत बसू नोको. तिथं सुट्टी भेटत नाही."

अनुसया पाहत गेली. मजूर तिनं लावले, म्हातारा बैल देऊन नवा तिनंच घेतला, फुटलेली बांधाची पाळ बांधून घेतली. महागू सणाला यायचा, नव्या बैलाच्या पाठीवर थाप मारायचा, पोटभर जेवायचा आणि परत जायचा. हे कोणाला विचारून केलं, असं त्यानं कधी म्हटलं नाही.

पासष्ट साली पावसानं दगा दिला. अनुसयेचं धान उभ्या उभ्या वाळलं. उन्हाळ्यात बौद्ध वस्तीची विहीर आटली. गावच्या मोठ्या विहिरीवर त्यांना कोणी चढू देत नव्हतं. वस्तीतला चैतराम अनुसयेच्या अंगणाबाहेर येऊन उभा राहिला.

"बाई, तुमच्या वावराच्या कोपऱ्यात पानी हाय. आमी खोदतो. दगड आमचा, मेहनत आमची. तुमी धानाले पानी घ्या, आमाले पियाले भरू द्या. पन कायमचं. मधातच हाकलून देल्लं तर आमी काय करावं?"

अनुसयेनं रात्रभर विचार केला. दया वगैरे नव्हती तिच्या मनात. तिला धान दिसत होतं. सकाळी तिनं चार माणसांसमोर सांगितलं, "खोदा. पानी दोघायचंही."

वस्तीतल्या बाया-माणसांनी मिळून विहीर खोदली. पाणी लागलं, तेही गोड.

तिसऱ्या दिवशी प्रेमलाल तिरोडीची गाडी धरून गेला. इतक्या वर्षांत भावाच्या खोलीवर तो पहिल्यांदाच गेला असेल. येताना महागूला सोबतच घेऊन आला.

"कोनाले इचारून खोदू देल्लं?" महागू अंगणातच ओरडला.

"तुमीच म्हनलं होतं, इचारू नोको."

"मी कापनी-मळनीचं म्हनलं होतं! साऱ्या गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली तू."

"विहीर आपल्याच वावरात हाय. पळून नाही गेली."

प्रेमलाल मध्ये पडला. भावजयीशी तो थेट बोलत नसे, भावाकडे पाहूनच म्हणाला, "तू हिले काही सांगतलंच नव्हतं, असं म्हन. बायकोनं परस्पर देल्लेला शब्द तुले बांधत नाही. कोर्टात एका पेशीत निकाल लागते."

महागूनं अनुसयेकडे एकदा पाहिलं. "नव्हतंच सांगतलं," तो म्हणाला.

ती अंगणातल्या चुलीसमोरून उठलीच नाही. तिच्या कानात ते दोन शब्द नुसते फिरत राहिले. विहिरीवरून तो भांडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत तिला खोटी पाडत होता.

बालाघाटच्या कोर्टात महागूनं चैतरामवर दावा लावला. अनुसया चैतरामची साक्षीदार म्हणून उभी राहिली, तेव्हा प्रेमलाल बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असा थुंकला. कोर्टातल्या बाबूनं नवऱ्याचं नाव विचारलं. लग्न झाल्यापासून तिनं ते तोंडातून काढलं नव्हतं. "महागू," ती खणखणीत म्हणाली, आणि तो काय बोलून गेला होता ते शब्दाला शब्द सांगितलं.

मग चैतरामच्या वकिलानं महागूला उभं केलं.

"मजूर कोण लावत होतं?"

"तीच."

"बैल कोणी बदलला?"

"तिनंच."

"तुम्हाला विचारून?"

"नाही."

"तेव्हा दावा का नाही लावला? बैल चालला आणि विहीर नाही चालली?"

मुन्सफांनी निकाल हिंदीत वाचला. चैतरामनं तो बाहेर येऊन वस्तीच्या लोकांना समजावला. मुखत्यारी, म्हणजे आपल्या वतीनं कारभार करायचा अधिकार, तोंडीही देता येते. वावर पाहा म्हटलं, वर्षानुवर्षं पाहू दिलं, तर वावराला पाणी करणंही त्यातच आलं. महागूला बायकोचा अधिकार आजपासून काढून घेता येईल, पण अधिकार असताना तिनं दिलेला शब्द मोडता येणार नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवरच महागू उलटा फिरला. "सारे ऐका! आजपासून माह्या नावानं हिनं काडीही हलवाची नाही."

"हौ," अनुसया म्हणाली. "ऐकलं म्या."

आणि तिनं ते अक्षरशः पाळलं. पेरणी प्रेमलालनं भावाच्या वतीनं करून दिली, पण कापणीच्या वेळी त्याला स्वतःचंच वावर आवरेना. मजूर अनुसयेकडे आले. तिनं त्यांना परत पाठवलं. ती दुसऱ्यांच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, मजुरीनं कापणी करू लागली. तिथून तिला तिचं पिकून लवलेलं वावर दिसे. गावातल्या बाया तिला नावं ठेवत. दाणे झडू लागले, तरी विळा तिनं तिकडे नेला नाही.

महागू आला तो वावरातूनच तणतणत.

"काहून नाही कापलं?"

"मले हक नाही."

"आता मी देऊन राह्यलो ना हक! जा, मजूर लाव!"

"मले नाही घ्याचा." तिनं पदर खोचला. "उद्या कोनी इचारलं तं तुमी म्हनान, सांगतलंच नव्हतं."

त्यानं हात उगारला. ती मागे सरली नाही. हात तसाच खाली आला. राहिलेलं धान महागूनं एकट्यानं कापलं. खाणीत त्याची रजा संपली, मग नोकरीही गेली.

तो गावातच राहिला. अनुसयेनं परसाकडच्या पडवीत स्वतःची वेगळी चूल मांडली. एका छपराखाली ती दोघं पुढं कैक वर्षं राहिली, आणि त्याच्या वावराविषयी तो काही विचारायला आला की ती नुसतं चुलीत लाकूड सरकवायची.