पुतळा सुस्थितीत

फलक सातवा, भिंतीवर आहे तसा:

‘उडत्या विमानातून इजेक्शन सीटची निर्णायक चाचणी. सीटवर माणसाच्या वजनाचा पुतळा बसवला होता. यानंतर ही सीट सर्व लढाऊ विमानांत बसवण्यात आली. सीट सुस्थितीत, पुतळा सुस्थितीत.’

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो पुतळा तिच्या शेजारीच उभा होता आणि चष्मा पुसत होता.

फलक सातवा, बाबांनी एकदा जेवता जेवता सांगितला तसा:

वाळू भरलेले पुतळे फेकून झाले होते. सगळे छान खाली आले. पण वैमानिक म्हणाले, पुतळ्याला काय विचारणार, दुखलं का म्हणून? मग सीटच्या कारखान्यातला फिटर म्हणाला, सीट मी जुळवलीय, मीच बसतो. माणूस बसवायची परवानगी वरून आली नव्हती. मोठ्या साहेबांनी कागदावर ‘पुतळा’ लिहिलं. परवानगी आली की दुरुस्त करू, म्हणाले. फिटर विमानात मागे बसला. वर गेल्यावर त्याने दांडा ओढला, बुडाखाली तोफ उडाली आणि स्वारी विमानाबाहेर. पॅराशूटने उतरला, चालत आला, चहा प्यायला. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला, तो पुरता सरळ झालाच नाही.

साहेब निवृत्त झाले. कागद तसाच राहिला.

लेकीचा धंदा शिवणकामाचा. बाबांचे शर्ट तीच शिवायची, पाठीकडून लांब, पुढून आखूड. नाहीतर पुढचं टोक एप्रनसारखं लोंबायचं. आजचा शर्टही तसाच, नवा कोरा. संग्रहालयाचं उद्घाटन, जुन्या कामगारांना आमंत्रण. तिला वाटलं होतं, निदान आज तरी भिंतीवर बाप दिसेल.

फलक सातवा, संग्रहालयाच्या अधिकाऱ्याच्या मते:

“ताई, कागदावर पुतळा आहे. मी काय करू?”

“हे उभे आहेत ना समोर. विचारा यांना.”

“काका आम्हाला आदरणीयच आहेत. पण पुरावा लागतो.”

“पाठ दाखवायला सांगू?”

“वयोमानाने वाकतेच हो पाठ.”

“मान तुमचीही वाकते साहेब, वरून कुणी आलं की. ती काय वयोमानाने?”

अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. पाहुणे फाटकापाशी पोचले होते. “एक शब्द बदलायचा म्हणजे समिती बसवावी लागते. पुढच्या वर्षी बघू.”

“एक शब्द खोडायला पेन पुरतं. देऊ?”

“ताई, भिंतीला हात लावू नका.”

फाटकापाशी ब्राँझचा एक वैमानिक उभा होता. याच सीटमुळे जिवंत राहिला म्हणून त्याचा पुतळा. येताना बाबांनी त्याला बोट लावून नमस्कार केला होता, ओळखीचा असल्यासारखा. तिने तिकडे हात केला. “त्याचा पुतळा केलात, तो मान म्हणून. माझ्या बापाचाही केलात. तो कशासाठी?”

“जाऊ दे गं,” बाबा म्हणाले. “पुतळा म्हटल्याने काय अंगाला भोकं पडतात?”

“तुम्ही गप्प बसता म्हणून यांचं फावतं.”

“बरं बाई. वाचू तर दे.” त्यांनी चष्मा चढवला. ओठ हलवत, सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबले. पुन्हा मागे गेले, पुन्हा तिथेच आले.

“सुस्थितीत?” त्यांनी विचारलं. कुणाला, ते कळलं नाही.

मग ते दोरी ओलांडून आत गेले. फलकाखाली खरी सीट मांडली होती, तिच्यावर हेल्मेट घातलेला पुतळा. बाबांनी त्याच्या छातीवरचं बक्कल एका झटक्यात सोडलं, पुतळा उचलून लेकीच्या हातात दिला. “धर जरा.” आणि स्वतः बसले. पट्टे ओढून घेतले. सीटची पाठ सरळ, त्यांची नाही. मधल्या फटीतून पलीकडची भिंत दिसत होती.

“काका, उतरा,” अधिकारी दबक्या आवाजात म्हणाला. “काका, माझी नोकरी जाईल.”

बाबांनी छातीवरचं बक्कल लावलं.

तेवढ्यात पाहुणे आत आले. प्रमुख पाहुण्या हवाई दलातल्या बाई होत्या, छातीवर वैमानिकाचे पंख. त्यांनी सीटवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, पुतळा काखेत मारून उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. “हे कोण?”

अधिकारी घाईने दोरी सरळ करू लागला.

“भिंतीवर लिहिलंय,” लेक म्हणाली. “वाचा की. मोठ्याने वाचा.”

बाई वाचू लागल्या. आवाज कमावलेला, अख्ख्या दालनात जाणारा. मागची कुजबुज थांबली. त्या शेवटच्या ओळीवर आल्या. “सीट सुस्थितीत, पुतळा सुस्थितीत.”

“दुखतंय,” पुतळा म्हणाला.