पिंजाऱ्याच्या गादीवर बसलेला अ‍ॅम्प्लिफायर

मी धुळ्याचा एक अ‍ॅम्प्लिफायर. बोलतोय तो मीच. शेजारच्या फळीवरचा रेडिओ नव्हे, त्याचा आवाज महिन्याभरापासून बसलाय. लोक मला नुसतं 'पेटी' म्हणतात आणि मीही ओ देतो. नावात अडून बसलं तर धंदा कसा व्हायचा?

माझा जन्म १९५४ सालचा, आग्रा रोडवरच्या बन्सीलालच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला. बन्सीलाल ही विद्या कुठल्या शाळेत शिकला नव्हता, बिघडलेले रेडिओ उघडून उघडून शिकला होता. माझं अंग चहाच्या खोक्याच्या लाकडाचं, व्हॉल्व्ह जुन्या लष्करी सेटचे, आणि खाणं मोटारीच्या बॅटरीवर. त्यामुळे वीज नसलेल्या गावातही माझं पोट भरायचं.

आमच्याकडच्या गिऱ्हाइकाची एक गंमत सांगतो. रेडिओ घ्यायला आलेला माणूस आधी कान लावत नसे, तळहात लावी. पेटी हाताखाली थरथरली तर माल पक्का. नाही थरथरली तर "यात जीव नाही, भाऊ" म्हणून तो पायरी उतरे. बन्सीलालने हे पुरतं ओळखलं होतं. आवाजाच्या वाटेवर कंडेन्सर नावाची एक नळकांडी असते. ती जितकी मोठी, तितका खर्ज मोकळा सुटतो. त्याने दुकानातली सगळ्यात मोठी मला लावली. मी पहिल्यांदा बोललो तेव्हा फळीवरचे स्क्रू नाचले. बन्सीलाल इतका खूश झाला की समोरच्याला चहा पाजून आला.

मला घेतलं जब्बारने. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी सरकवत तो गिटार वाजवायचा. त्याचे वडील चांदभाई पिंजारी. पिंजायच्या धनुकीच्या ताणलेल्या तातीचा आवाज ऐकून कापूस किती मोकळा झाला हे ते डोळे मिटून सांगत. एकुलता एक मुलगा धनुकी सोडून गिटार घेऊन बसतो, हे त्यांना पटेना. शेवटी बापलेकांत ठरलं, की दोन लग्नांत जब्बारने वाजवायचं. ऐकणाऱ्यांपैकी एकानेही 'पुन्हा वाजव' म्हटलं नाही, तर गिटार माळ्यावर आणि जब्बार बापाच्या गादीच्या दुकानात.

पहिलं लग्न जळगावला मेहरूणमध्ये झालं. यजमानांनी माझा काय मान ठेवला! मला कोपऱ्यात रिकाम्या लाकडी पेटाऱ्यावर बसवलं, पाठीवरून शाल पांघरली, हार घातला. जब्बारने तार छेडली आणि माझ्या तोंडून निघालं नुसतं घुम्म. सूर कुठे गेला ते मलाच कळेना. एक पाहुणा ट्रक सुरू झाला असं समजून बाहेर बघून आला. जब्बारला वाटलं आवाज कमी पडतोय, म्हणून त्याने बटण आणखी पिळलं. मग तर पेटाऱ्याचं झाकणही माझ्यासोबत गाऊ लागलं. 'पुन्हा' कुणी म्हटलं नाही. 'बस' मात्र दोघांनी म्हटलं.

बन्सीलालने माझं पोट उघडून मोठा कंडेन्सर काढला आणि लहान घातला. दुकानात माझा आवाज मोकळा येऊ लागला. जब्बार निर्धास्त झाला. एकटा मीच धास्तावलो होतो, कारण बन्सीलालच्या दुकानात मी दगडी ओट्यावर बसायचो, आणि दगड पेटाऱ्यासारखा सोबत गात नाही.

दुसरं लग्न पारोळ्याला, सुकदेव पाटलांच्या लेकीचं. तेलगिरणीतली रिकामी पिंपं मांडून त्यावर फळ्या टाकलेल्या, मागे पत्र्याची भिंत. पुन्हा शाल, पुन्हा हार, वर नारळ. चांदभाईही आले होते. रुखवतात द्यायच्या गाद्या त्यांनीच भरल्या होत्या, त्या पोचवून ते मांडवाच्या कडेला बसले.

गिटार सुरू झाली. पायाखालची पिंपं घुमू लागली, पाठीमागचा पत्रा थरथरला, शालीने माझा श्वास कोंडला. पुढे बसलेल्या नवरीच्या आजी, धुरपदाबाई, मागे वळून विचारू लागल्या,

"आठे चक्की कोन चालाडस रे भो?"

मांडव हसला. जब्बारचा हात बटणाकडे गेला.

चांदभाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. दोन मिनिटांत मुलगा त्यांचा होणार होता, धनुकीसकट. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी तोंड वाकडं केलं, कान खाजवला, मान खाली घातली. पण तो पिंजाऱ्याचा कान. बेसूर सोसवेल तो कसला! ते ताडकन उठले आणि मंचाजवळ आले.

"बढाओ मत, जब्बार. कम कर. ये पीपे बज रहे हैं, तेरी गिटार नहीं."

मग धुरपदाबाईंशी हळू आवाजात बोलून त्यांनी नवरीच्या गाद्यांतली एक मागितली. म्हातारी आधी बिथरली. गादीवर तेलाचा डाग पडला तर चांदभाईंनी दुसरी भरून द्यायची, एवढं कबूल करून घेतलं तेव्हाच हो म्हणाली. चांदभाईंनी नारळ उतरवला, शाल ओढून बाजूला केली, मला पत्र्यापासून दोन हात पुढे घेतलं आणि गादीची दुहेरी घडी घालून तिच्यावर बसवलं. डाग पडू नये म्हणून मधे पोतंही अंथरलं.

जन्मात प्रथमच मी मऊ बसलो. पिंपं मुकी झाली. जब्बारने कांडी सरकवली, आणि तारेतून निघालेला सूर तसाच्या तसा माझ्यातून बाहेर पडला, मांडवाच्या शेवटल्या रांगेपर्यंत. खर्ज होता, पण शहाण्या माणसासारखा मागे बसलेला. बायकांच्या बांगड्या थांबल्या. वाढपी हातात द्रोण धरून उभे राहिले.

गाणं संपलं. जब्बार खाली मान घालून कांडी पुसत राहिला. मग पुढून आवाज आला.

"भाऊ, हाई गानं आखो एकदाव वाजाड."

'पुन्हा' आलं होतं. जब्बारने वर पाहिलं, ते धुरपदाबाईंकडे नव्हे, वडिलांकडे.

"मेरे मुँह को क्या देखता है?" चांदभाई म्हणाले. "आजींनी सांगितलं ना? बजा."

त्या संध्याकाळी ते गाणं तीनदा वाजलं. गादीवर डाग पडला नाही. तरी चांदभाईंनी पोटभर हसून एक उशी फुकट भरून दिली.

आज १९६० साल आहे. माझे दोन व्हॉल्व्ह बदललेत, तोंडावरच्या कापडाला भोक पडलंय, पण लग्नसराईत मला अजून उसंत नसते. चांदभाईंनी माझ्यासाठी वेगळी गादी शिवली आहे, तंतोतंत माझ्या मापाची. कार्यक्रमाला निघताना जब्बार मला उचलतो आणि चांदभाई ती गादी काखेत मारून पुढे चालतात. वाटेत कुणी विचारलं तर सांगतात, गिटारचं मला काही कळत नाही, मी गादीवाला.

तुमच्या मांडवात कधी आलो तर एवढंच करा. शाल नको, हार नको. मला भिंतीपासून जरा पुढे घ्या, खाली मऊ काहीतरी घाला, आणि बटणाला हात लावण्याआधी चांदभाई कुठे बसलेत ते बघा.