मधाचं बोट

जेवायला बसलेल्या अल्बविन राजाला त्याच्याच सरदाराने, रुथार्डने, भोसकलं. महिना उलटायच्या आत तो गादीवर बसला आणि राजाच्या विधवेशी, गिस्लाशी, लग्नही लावलं. सात महिन्यांनी गिस्ला बाळंत झाली. पोर चांगलं पुऱ्या दिवसांचं होतं. महिने मोजायला सगळ्यांनाच येत होतं, पण मान प्रत्येकाला एकच होती.

गिस्लाला नव्या नवऱ्याची शिसारी होती. त्याच्या दाढीत हंसाची चरबी थिजलेली असे. तीच बोटं चाटून तो तिची हनुवटी वर करी, तेव्हा तिच्या अंगावर काटा येई.

"दाई, तो याला उचलायचा नाही," ती म्हणाली.

नवं पोर बापाच्या पायाशी भुईवर ठेवायचं, अशी रीत होती. बापाने उचललं तर ते त्याचं, नाही तर रानात लांडग्यांना. मेलेल्या अल्बविनचं रक्त रुथार्ड कशाला उचलेल?

"मग रडत काय बसलीस, पोरी?" ओडा करवादली. तिनेच गिस्लाला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. "मध चाटव त्याला. ओठाला अन्न लागलेलं पोर टाकता येत नाही. एवढी रीत तर हे मेले रानटीसुद्धा पाळतात."

"कोणी पाहिलं तर?"

"पाहू दे की! पोटातलं परत काढणार आहेत होय?"

गिस्लाने मधाचं बोट लावलं. पोर मिटक्या मारू लागलं. आता रुथार्डने झिडकारलं की त्याला घेऊन भावाकडे जायचं, अल्बविनच्या नावानं वाढवायचं, असं तिने ठरवून टाकलं.

दालनात तिने पोर भुईवर ठेवलं. रुथार्डने हातातलं हाडूक फेकलं आणि वाकून त्याला लगेच उचललं. सरदारांनी पेले आपटले. त्याने पोराच्या ओठांवरून अंगठा फिरवला, चाटला आणि हसला.

"मध? उगाच घाबरलीस गं," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "दोन बायका केल्या, एकीलाही दिवस गेले नाहीत. राज्य हिसकावता येतं, पोरगा कुठून आणू? तुझ्या अल्बविनने मरण्यापूर्वी तेवढं काम बरं केलं."

गिस्लाला आता कळलं. याला सगळं ठाऊक होतं. गाभण गाय पारखून घ्यावी, तशी त्याने तिला घेतली होती.

बिशपने संताच्या अस्थींची पेटी पुढे केली. "राणी, यावर हात ठेवून शपथेवर सांग. मुलगा कोणाचा?"

अल्बविनचं नाव तिच्या जिभेवर आलं. रुथार्डचा तेलकट अंगठा पोराच्या गळ्यावर टेकलेला होता.

"रुथार्डचा," ती म्हणाली.

"राजाचा वंश वाढो!" दालन दणाणलं. गिस्ला ओडाकडे वळली.

"दाई, पाणी दे. चूळ भरायचीय."

तिने चूळ भरली, परत भरली. मान वर केली तेव्हा पोर रुथार्डच्या दाढीत मूठ खुपसून त्याचा अंगठा चोखत होतं.