सोनीच्या टाकीचे दोन रिॲक्टर

ज्याच्या दुकानात साऱ्या वस्तीचे डोळे तपासले जातात, त्याच्याच मातोश्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत बसावा, ही गोष्ट चष्मेवाल्यांना फार दिवस सलत होती. दिव्याखाली अंधार ही म्हण गिऱ्हाइके त्यांच्या तोंडावर कधी उच्चारत नसत. ती पाठीमागे उच्चारत, आणि दुकान अरुंद असल्यामुळे पाठीमागचेही स्पष्ट ऐकू येई.

आईला मात्र शस्त्रक्रियेचे नाव काढलेले खपत नसे. "मला जे बघायचं ते दिसतं," असे ती म्हणे. तिला जे बघायचे होते ते दुकानातच होते. काउंटर आणि तपासणीची खोली यांच्या मधोमध खाऱ्या पाण्याची एक लांबलचक काचेची टाकी होती. तीत माशांच्या सोबतीने समुद्रातील जिवंत प्रवाळे वाढविलेली होती, आणि त्या सर्वांत आईचा जीव एकावर होता. बोटांसारखे शेकडो मऊ अवयव पाण्यात डोलविणारे ते प्रवाळ नखाएवढे असताना आईच्याच हट्टाने आणले गेले. आता ते परातीएवढे झाले होते. आईला ते सोनेरी दिसे, म्हणून घरात त्याचे नाव सोनी पडले. रोज सकाळी आई समोरच्या बाकावर बसून सोनीची विचारपूस करी आणि मगच चहा घेई.

अखेर चष्मेवाल्यांच्या थोरल्या बहिणीने फारच लावून धरले तेव्हा आई एका डोळ्यापुरती राजी झाली. परंतु अट घालून.

"पट्टी निघाली, काळा चष्मा सुटला, की मी आधी सोनीला बघणार. तुला नंतर."

"मला नंतर का?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"तुझं तोंड मला पाठ आहे."

आई शस्त्रक्रियेसाठी थोरल्या मुलीकडे गेली, कारण रुग्णालय तिच्या घराजवळ होते. इकडे चष्मेवाल्यांनी टाकीकडे प्रथमच परक्या नजरेने पाहिले आणि त्यांना शरम वाटली. काचेवर शेवाळाचा पातळ थर होता. पाणी जुन्या कागदासारखे पिवळसर झाले होते. आई नव्या डोळ्याने पाहणार आणि तिला पहिले दर्शन या गढूळपणाचे होणार, हा विचार त्यांना सहन होईना. सोनी आईसमोर उभी राहील तर लखलखीतच उभी राहील, असे त्यांनी मनाशी ठरविले आणि साडूंना निरोप धाडला.

साडू पोहण्याच्या तलावांची गाळणयंत्रे दुरुस्त करीत असत. पाणी या विषयात त्यांचा शब्द घरात शेवटचा मानला जाई, मुख्यतः त्यांच्याकडून. त्यांनी टाकीत बोट बुडविले, वास घेतला आणि बाकावर बसले.

"साडूभाऊ, तुम्हाला पाणी कसं हवंय ते आधी सांगा."

"स्वच्छ."

"स्वच्छ सगळेच म्हणतात. स्वच्छ म्हणजे कुठवर?"

चष्मेवाल्यांनी व्यवसायाला साजेसे उत्तर दिले. डोळे तपासण्याचा अक्षरांचा तक्ता त्यांनी टाकीच्या मागे टांगला आणि पुढून पाहिले. चौथ्या ओळीपुढे वाचता येत नव्हते.

"इथून शेवटची ओळ दिसली पाहिजे," ते म्हणाले.

"हां, आता बोललात!" साडूंनी मांडीवर थाप मारली. "अहो, आमच्या धंद्यात तर पाणी आहे हे कळताच कामा नये. माणूस उडी मारल्यावर ओला झाला, की मग कळावं."

येथे सांगणे भाग आहे की पाण्यातील शेवाळाचे खाद्य, ज्याला फॉस्फेट म्हणतात, ते लोहाचे तांबडे दाणे शोषून घेतात आणि पिवळेपणा कोळसा शोषतो. हे दाणे ज्या पारदर्शक नळकांड्यात भरतात त्याला रिॲक्टर म्हणतात. पंप खालून पाणी ढकलतो आणि ते दाण्यांतून गाळले जाऊन वरून परत टाकीत पडते. लहान, मध्यम व मोठा असे तीन आकार दुकानात मिळत होते. दोन्ही द्रव्ये एकाच नळकांड्यात भरण्याचीही सोय होती.

"एकातच भरू," चष्मेवाले म्हणाले. "जागा कमी लागेल."

"दोन सवती एका खोलीत?" साडू म्हणाले. "लोहाच्या दाण्यांना थोडं हलावं लागतं, नाहीतर त्यांचा गठ्ठा होतो. कोळसा हलला तर त्याचं पीठ होतं. एकीला नाचायचंय, दुसरीला झोपायचंय. वेगळं बिऱ्हाड द्या."

हा युक्तिवाद बिनतोड होता. दोन रिॲक्टर घ्यावेत असे ठरले. आकाराविषयी चर्चा झालीच नाही; तलाव दुरुस्त करणाऱ्या माणसाने लहान आकाराकडे पाहणे त्याच्या प्रतिष्ठेला शोभले नसते.

दोन्ही पाकिटांवर ठळक छापले होते की प्रथम निम्मीच मात्रा घालावी आणि एका वेळी एकच द्रव्य सुरू करावे. चष्मेवाल्यांनी ते मोठ्याने वाचून दाखविले.

"कंपन्या भित्र्या असतात," साडू म्हणाले. "आणि आपल्याला वेळ कुठे आहे? मावशी काय निम्म्या डोळ्याने बघायला येणार आहेत?"

दाणे वापरण्यापूर्वी धुवावे लागतात, हे मात्र दोघांनीही मान्य केले. त्यांनी ते न्हाणीघरात धुतले. लोहाची तांबडी धूळ पाण्याबरोबर फरशीवर, भिंतीवर आणि साडूंच्या पांढऱ्या सदऱ्यावर अशी पसरली की चष्मेवाल्यांची पत्नी दारात आली आणि थबकली.

"कुणाचा खून केलात?"

"फॉस्फेटचा," साडूंनी गंभीरपणे सांगितले.

"मग प्रेत उचलून फरशी घासा. आणि सासूबाई यायच्या आत घासा."

दुपारी दोन्ही रिॲक्टर टाकीखालच्या कपाटात बसविण्यात आले. साडूंनी सवयीने तोटी पूर्ण उघडली, तर लोहाचे दाणे वावटळीसारखे गरगरू लागले. मग त्यांनी ती केसभर, केसभर आवळत आणली, जोवर केवळ वरचा थर मंद आचेवरील दुधाच्या सायीसारखा थरथरत राहिला. त्या थरथरीकडे दोघे साडू गुडघ्यांवर बसून बराच वेळ पाहत राहिले. असे समाधान त्यांना आपापल्या लग्नात लाभले होते की नाही, याविषयी पत्नीने नंतर शंका व्यक्त केली.

परिणाम अद्भुत झाला. पाणी इतके निवळले की चष्मा बदलायला आलेल्या एका गृहस्थांनी "टाकी रिकामी केलीत वाटतं? आणि हे मासे लटकवलेत कशाला?" असे विचारले. चष्मेवाल्यांनी मागचा तक्ता वाचून पाहिला. शेवटची ओळ दिसत होती. इतकेच नव्हे, तर तिच्या खाली छापखान्याचे बारीक नावही दिसत होते, जे त्यांनी आजवर कधी पाहिले नव्हते. त्यांनी साडूंना दूरध्वनी केला. साडू म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

त्यानंतर सोनीने बोटे आत ओढून घेतली.

प्रथम चष्मेवाल्यांना वाटले, ती विश्रांती घेत असावी. पण दुसऱ्या दिवशीही ती उघडली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या माथ्यावरचा रंग उडून पांढुरके डाग दिसू लागले. प्रवाळ पांढरे पडू लागले म्हणजे ते मरणाच्या वाटेला लागले, एवढे त्यांना ठाऊक होते. पाण्याची प्रत्येक मोजणी त्यांनी केली. क्षार ठीक, उष्णता ठीक. फॉस्फेट जवळजवळ शून्य.

साडू धावत आले. त्यांनी पाहिले, हुंकार दिला आणि एकच निदान केले: "अजून घाण शिल्लक आहे. दाणे बदलू, ताजे भरू."

ताजे भरले. सोनी आणखी आक्रसली. तिचा एक कोपरा तर नुसता दगड होऊन बसला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

"आईला काय सांगू?" चष्मेवाले पुटपुटले. त्यांनी भर दुकानात काउंटरवर डोके टेकले होते.

"दुसरी आणू," साडू हळूच म्हणाले. "तशीच. दोघींना समोरासमोर कोण उभं करणार आहे?"

"तिला कळेल."

"मोतीबिंदूवाल्या माणसाला?"

"मोतीबिंदू काढलाय, साडूभाऊ."

तेवढ्यात थोरल्या बहिणीचा दूरध्वनी आला.

"अरे, तुझ्या आईला तूच समजाव. काळा चष्मा काढून गच्चीवर जाते म्हणतेय. म्हणते, मला सगळं बघायचंय. मी सांगून दमले."

"अगं, तिला सांग," चष्मेवाले व्यवसायातल्या ठरीव सुरात बोलू लागले. हे वाक्य त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना ऐकविले होते. "म्हणावं, इतकी वर्षं पडद्याआडून बघितलेला डोळा आहे. पडदा एकदम निघाल्यावर तोच उजेड त्याला भाजून काढतो. म्हणून काही दिवस चष्मा..."



"अरे, आहेस ना?"

"ताई, ठेवतो," ते म्हणाले आणि टाकीवरच्या दिव्यांकडे पाहू लागले. ते चार प्रखर दिवे वर्षानुवर्षे पिवळ्या पाण्यातून जळत होते. सोनी त्या पाण्याच्या पडद्याआड लहानाची मोठी झाली होती. पडदा एका दिवसात काढला तो त्यांनीच. आणि दिवे होते तसेच राहिले होते. शिवाय, तिचे थोडेफार पोषण ज्यावर होई ते फॉस्फेटही लोहाच्या दाण्यांनी एका दमात हिरावून नेले होते. भर उन्हात उभे करायचे, तेही उपाशी पोटी.

"साडूभाऊ, खिडकीची जाळी काढा."

"डास येतील."

"येऊ द्या."

खिडकीची बारीक जाळी कापून तिच्या तीन घड्या दिव्यांखाली अंथरल्या गेल्या. दिवे वीतभर वर टांगले आणि त्यांची वेळ निम्म्यावर आणली. दोन्ही रिॲक्टरांतून निम्म्याहून अधिक द्रव्य उपसून काढले. साडूंनी तोटी आवळताना पाकिटावरची छापील सूचना स्वतःहून पुन्हा वाचली, पण मनातल्या मनात. त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही. चष्मेवाले गिऱ्हाइकांना उलटे चष्मे दाखवू लागले.

आठवडा उलटल्यावर सोनीच्या मधल्या भागातून एक बोट बाहेर आले. मग शेजारचे. कोपरा गेला तो गेलाच. पण उरलेली सोनी जपून, एखाद्या आजारातून उठलेल्या माणसासारखी, थोडी थोडी उघडू लागली. चष्मेवाल्यांनी जाळीची एक घडी काढली.

आणि आई आली.

ती तडक बाकावर बसली. काळा चष्मा तिने पदराने पुसून पर्समध्ये ठेवला आणि टाकीकडे पाहिले. चष्मेवाले, पत्नी आणि साडू मागे ओळीने उभे होते. आईने खूप वेळ पाहिले.

"सोनी कुठाय?"

"ही काय, समोर," चष्मेवाले म्हणाले.

"ही हिरवी आहे."

"आई, ती पहिल्यापासून हिरवीच आहे."

"मग मी तिला सोनी का म्हणाले? हिरवीला कुणी सोनी म्हणतं का? आणि हिच्या टोकांना जांभळं काय फासलंय?" आईचा स्वर चढला. "मारलीस ना माझी सोनी? मारलीस आणि दुसरी आणून बसवलीस. खरं सांग."

"मावशी, आणणार होतो," साडू म्हणाले, "पण आणली नाही."

ही साक्ष अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडली नाही. चष्मेवाल्यांनी मग सगळे सांगितले: दोन रिॲक्टर, पूर्ण मात्रा, निवळलेले पाणी, भाजलेला कोपरा. मोतीबिंदू पिकला की प्रत्येक रंगात पिवळेपणा मिसळतो, हिरवे सोनेरी दिसते आणि जांभळे तर दिसतच नाही, हेही शास्त्रशुद्ध सांगितले.

"मला डोळ्यांचं शिकवू नकोस," आई म्हणाली. "तुझे डोळे मी केलेत." पण तिचा आवाज ओला झाला होता. "मी तिला ओळखत नाही रे."

पत्नीने नवऱ्याला कोपराने ढोसले. "अहो, दुसरा डोळा आहे ना अजून तसाच."

चष्मेवाले तपासणीच्या खोलीत गेले आणि डोळा झाकायची काळी पळी घेऊन आले. आईच्या शेजारी बसून त्यांनी ती नव्या डोळ्यावर धरली.

"आता?"

आईने मान पुढे केली. तिचा चेहरा सैल झाला.

"आहे," ती म्हणाली. "सोनी आहे. वाळलीय गं माझी बाय." मग ती कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि इथे तू जाळलंस तिला."

"हो."

"माठ्या."

"हो, आई."

त्यांनी पळी दुसऱ्या डोळ्यावर नेली. "आणि आता? हे बरं दिसतं, की मघाचं?"

"ती हिरवी आली."

"परत बदलू?"

"बदल."

बराच वेळ हेच चालले. शेवटी आईने पळी त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या हाती घेतली आणि त्यांना कामाला जायला सांगितले. दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख त्याच आठवड्यात घ्यावयाची होती; पत्नीने आठवण करून देताच आई म्हणाली, "त्या डोळ्याचं नंतर. तो सोनीचा आहे."

तेव्हापासून आई सकाळी बाकावर बसते आणि पळी कधी या डोळ्यावर, कधी त्या डोळ्यावर धरते. चष्मेवाले महिन्यातून एकदा कपाटासमोर गुडघे टेकून लोहाचे मूठभर दाणे बदलतात, कोळसा त्यानंतर काही दिवसांनी. परवा तपासणीसाठी आलेल्या एका बाईंना वाटले की आपल्या आधी या आजींचा नंबर आहे.

"आजी, कुठलं बरं दिसतंय?" त्यांनी आपुलकीने विचारले.

आईने पळी खाली न घेता सांगितले, "तुम्ही जा पुढे. माझं ठरायला वेळ आहे."