लाइट गेल्यावरची हाक

“आन् करंटची वायर कुठी हाय?” शिडी धरून उभ्या असलेल्या गुलाम रसूलनं विचारलं.

वर स्क्रू पिळत असलेला दीपक हसला. अकोल्याच्या कंपनीचा हा माणूस कालपासून मेहकरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवे स्क्रीन बसवत होता आणि हा शेवटचा होता. “हेच हाय, चाचा. ह्या एका निळ्या वायरीतून नंबरही येते आन् करंटही येते.”

खाली उतरून हात पुसता पुसता त्यानं सगळे फायदे सांगून टाकले. प्रत्येक भिंतीवर सॉकेट नको, वायरमनच्या विनवण्या नकोत, लोंबकळणारे काळे डबे नकोत. करंट इतका कमी की कोणाचा हात लागला तरी झटका नाही. चारही स्क्रीन खालच्या खोलीतल्या कपाटातून चालू-बंद होणार, आणि त्याच कपाटात बॅटरी असल्यामुळे लाइट जावो की राहो, स्क्रीन विझणार नाहीत.

गुलाम रसूल “हाव, हाव” म्हणत राहिला. बाकीचं त्याला पटलं, पण शेवटच्या गोष्टीवर त्यानं काडीचाही विश्वास ठेवला नाही. एकोणीस वर्षं तो या दवाखान्याच्या दारावर होता. नारळ फोडून आणलेलं जनरेटर त्यानं आठव्या दिवशी रुसलेलं पाहिलं होतं. इन्व्हर्टर डॉक्टरांच्या खोल्या आणि तपासणीची यंत्रं कसंबसं ओढायचं, बाहेरच्या हॉलला त्यातला थेंबही मिळत नसे. तीन वर्षांपूर्वी नंबरांचा जुना टीव्ही आला तेव्हाही फायदे सांगणारा असाच एक जण येऊन गेला होता. तो टीव्ही रोज दुपारी दीडच्या सुमारास लाइटीबरोबर डोळे मिटायचा.

आणि खरं सांगायचं तर त्याला तेच हवं असायचं. टीव्ही येण्याआधी पेशंटना आत सोडण्याचं काम त्याचं होतं. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव, अशी तो हाक मारी, म्हणजे एका नावाच्या दोघी एकदम उठत नसत. टीव्हीनं ते काम काढून घेतलं, पण लाइट गेली की ते तास-दीड तासापुरतं परत त्याच्याकडे येई. मग पंखे बंद पडल्यामुळे लोक बाहेर निंबाखाली जाऊन बसत आणि तो पायरीवर येऊन एकेकाला बोलावी. तो बोलावेपर्यंत आत कोणी जात नसे. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पण सगळ्या तालुक्याला ठाऊक होती.

तसं पाहिलं तर डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवरचा नंबर वाचायला लावणं हाच एक विनोद. इथं येणाऱ्याला दिसत असतं तर तो आला कशाला असता? त्यात तपासणीआधी बाहुली मोठी करायचं औषध घालतात, म्हणजे थोडंफार दिसत असेल तेही धूसर. पण हे दवाखाना चालवणाऱ्या छोट्या डॉक्टरांना कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची हिंमत गुलाम रसूलमध्ये नव्हती.

तो शुक्रवार होता. महिन्यातून एकदा संभाजीनगरचे काचबिंदूचे मोठे डॉक्टर येत, त्यांचा वार. जानेफळच्या पंचफुलाबाई सकाळच्या एसटीनं एकट्याच आल्या होत्या. सोयाबीनची काढणी चालू असल्यामुळे मुलाला येता आलं नव्हतं. त्यांचा डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. उजव्यानं बोळातून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. मागच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की औषधानं डोळ्यातला दाब उतरत नाही, पुढच्या वेळी नक्की या, ऑपरेशनचं ठरवून टाकू. एकदा गेलेली नजर परत येत नाही.

काउंटरवरच्या काजलनं त्यांना एकतीस नंबरची चिठ्ठी दिली. डोळ्यात औषध पडल्यावर त्या भिंतीला हात लावत गुलाम रसूलपाशी आल्या आणि कुठं बसू म्हणून विचारू लागल्या. आत चोविसावा पेशंट होता. घड्याळात सव्वा वाजला होता.

“माय, तुमी निंबाखाली हवेत बसा,” तो म्हणाला. “आता लाइट जाईन. मी हाक मारतो ना तुमाले.”

त्यानंच त्यांना हाताला धरून निंबाच्या पारावर नेऊन बसवलं.

दीडला लाइट गेली. पंखे थांबले, हॉलमध्ये एक सुस्कारा उठला आणि लोक बाहेर निघाले. गुलाम रसूल खाकरून उठतो न उठतो तोच वरून सिस्टरनं त्याला बोलावलं. काल ऑपरेशन झालेल्या भगवंतरावांना घरी सोडायचं होतं आणि लिफ्ट बंद पडली होती. तो गेला. जाताना त्यानं भिंतीकडे पाहिलंदेखील नाही. लाइट गेल्यावर भिंतीकडे काय पाहायचं? रांग कुठं पळून जात नव्हती, तो परत येईपर्यंत ती जागची हलणार नव्हती.

भगवंतराव अंगानं भारी आणि एका डोळ्यावर पट्टी. तिघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणायला वेळ लागला. वळणावर खुर्ची अडली. मग त्यांची पिशवी वर राहिली, ती आणली. मग पाऊण तास ऑटो येईना. त्यांना नीट बसवून दिल्याशिवाय निघायचं गुलाम रसूलच्या स्वभावात नव्हतं.

तो हॉलमध्ये परतला तेव्हा तिथं लाइटीविना अंधुक होतं, पंखे स्तब्ध होते आणि भिंतीवर शेहेचाळीस हा आकडा स्वच्छ, पांढरा झळकत होता. तो पाहत असतानाच टिंग वाजलं आणि सत्तेचाळीस झाले. बाहेरून एक मुलगा आपल्या बापाला घेऊन आला आणि कोणालाही न विचारता आत गेला. ज्यांच्यासोबत कोणी होतं, त्यांची माणसं आत उभी राहून नंबर पाहत होती. पंचफुलाबाईंसोबत कोणी नव्हतं. गुलाम रसूल तडक काउंटरवर गेला.

काजलचा स्वभाव वाईट नव्हता, पण तिच्या हातातही काही नव्हतं. डॉक्टरांनी एकतीससाठी तीनदा बटण दाबलं होतं. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही की मशीन तो नंबर आपोआप काढून टाकायचं आणि परत घ्यायचं नाही. तिनं त्याच्यासमोर दोनदा आकडा टाकून दाखवला. स्क्रीन दोन्ही वेळा लाल झाला.

सत्तेचाळीस हा शेवटचा नंबर होता; तो बाहेर पडताच गुलाम रसूल आत शिरला. मोठे डॉक्टर कोट काढत होते. चार वाजता जालन्याला त्यांचं ऑपरेशन होतं आणि तिथला पेशंट टेबलावर घ्यायला सांगून झालं होतं. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावलेसुद्धा नाहीत. पुढच्या महिन्यात त्या बाईंना पहिला नंबर द्या, तोवर आहेत तेच थेंब चालू ठेवा, असं बाहेरच्या पायऱ्या उतरतानाच म्हणाले. गाडीचं दार लागलं. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत गुलाम रसूल हात जोडून तिच्यामागे चालत होता. छोट्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मी मोतीबिंदूवाला, हा निर्णय माझा नाही.

महिना म्हणजे तीस दिवस. बोळ तीस दिवसांत किती अरुंद होईल, हे त्याला कोण सांगणार होतं? दीपकनं सगळं समजावून सांगितलं होतं. विश्वास त्यानंच ठेवला नव्हता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पायऱ्या उतरवेनात.

निंबाखाली आता एकट्या पंचफुलाबाई होत्या. डोळ्यांवर पदर ओढून पारावर ताठ बसलेल्या. पावलांचा आवाज येताच त्या उठल्या आणि हात पुढे केला.

“आला का नंबर, रसूलभाऊ?”

“नंबर गेला, माय. डॉक्टरही गेले.”

हात तसाच राहिला.

“मंग माहीच चूक,” त्या हळूच म्हणाल्या. “जरासा डोया लागला असंन मले. तुमी हाक मारली आन् मले आयकू आली नाही.”

“नाही, माय. मी हाक मारलीच नाही.”

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “माह्यं मन राखाले म्हनून राह्यले तुमी. इतक्या वर्साचे मी वयखतो तुमाले.”

त्यानं पुन्हा सांगितलं, स्क्रीनचं, वायरीचं, बॅटरीचं सांगितलं, वर गेल्याचं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या आणि उलट त्यालाच म्हणाल्या की तुमाले उगाच ताप झाला. मग परतीची एसटी सापडायला हवी म्हणून पायानं जमिनीवर चप्पल चाचपडू लागल्या. एक सापडली. दुसरी मुळापाशी उलटी पडली होती. गुलाम रसूल खाली बसला, त्यानं ती सरळ केली, तिची माती झटकली आणि त्यांच्या पावलासमोर ठेवली.