विजयमालाच्या दंडावरचा पट्टा

मी रायफलीचा चामडी पट्टा. सोलापुरात कोंडीबाच्या दुकानात, टांग्याच्या सामानाशेजारी लटकलो होतो, तेव्हा निवृत्त सुभेदार हिंदुराव लेकीसाठी पट्टा घ्यायला आले. साल चौऱ्याहत्तर.

“कापडी न्या की सुभेदार. पोरीला रुतायचा न्हाय,” कोंडीबा म्हणाला.

“घाम प्याला की कापड सैल पडतं.” हिंदुरावांनी माझं एक टोक बुटाखाली दाबलं आणि दुसरं जीव खाऊन ओढलं. मी तसूभरही ताणलो नाही.

“तुमच्यावानीच हाय की, वाकायचा न्हाय!” कोंडीबा हसला.

लेक विजयमाला कॉलेजच्या एनसीसीत होती. माझा वेढा तिच्या डाव्या दंडावर, दुसरं टोक रायफलीला. भार मी पेलायचा, म्हणजे हात थरथरत नाही. पण मला फार आवळलं, तर दंडातली नाडी माझ्यातून पुढं जाते आणि ठोक्यागणिक रायफलीची नळी हलते. म्हणून हिंदुराव रोज वेढ्यात बोट सारून बघायचे.

“आबा, बांगड्या भरताय का काय?” ती चिडवायची.

पुण्याच्या नेमबाजी स्पर्धेला महिना उरला आणि नळी उड्या मारू लागली.

“घट्ट झालाय. एक भोक सैल कर,” हिंदुराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

“आबा, धाप लागतीय.”

“निजून नेम धरायचा, त्यात धाप कसली? पट्ट्याकडं बघ.”

मला ठाऊक होतं. मी सैल असूनही तिची नाडी माझ्यावर आदळत होती. दोन घाईचे ठोके, मग काहीच नाही, मग नुसती धावाधाव. मला वाचा नव्हती.

आठव्या दिवशी ती मैदानातच कोसळली. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप खराब झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. आधी आणायला हवं होतं, असंही म्हणाले. चार दिवसांनी ती गेली.

त्याला आता चार वर्षं झाली. हिंदुराव मैदानाकडं फिरकत नाहीत. मी कपाटात कोरडा पडून आहे. परवा त्यांच्या पत्नी मथुराबाई म्हणाल्या, “आपल्याला कुटं ठाव हुतं? तुमी का सोताला खाताय?”

“नळी सांगत होती गं. मी भोकं मोजत बसलो.”

मथुराबाई त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.

नेमबाजी शिकवणाऱ्यांनो, पट्टा जरूर पारखून घ्या. पण नळी हलू लागली, तर लगेच मला सैल करू नका. पोरीला उठवून बसवा. तिला काय होतंय ते विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत थांबा.